काळजावरची चरबी

४ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघे नुसते 'हं, हं' करतो आणि ठेवून देतो, म्हणून लिहितो. लिहिताना मला निदान खोडता येते.

काल इस्पितळात माझ्या तपासण्या पुऱ्या झाल्या. रक्तगट जुळतो, हृदय ठीक, मूत्रपिंडे ठीक. एकच गोष्ट आडवी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की माझ्या लिव्हरवर चरबी साचली आहे. अशा लिव्हरचा तुकडा तुला बसवला तर तो तुला नीट पुरणार नाही, आणि मागे राहिलेला मलाही पुरणार नाही. मी विचारले, मग दुसरे कोणी? भाऊजींचा रक्तगट वेगळा, आत्याचे वय झालेले. फिरून फिरून गाडी माझ्यापाशीच येते. ही चरबी उतरते, असे त्या म्हणाल्या, पण दोन महिन्यांत उतरायला हवी. त्यापुढे तुझी तब्येत वाट बघेल याची त्यांना खात्री नाही. हे तुला लिहावे की नाही याचा मी फार विचार केला. पण तुला सगळे आधीच कळते, म्हणून लिहिले.

तेव्हा आजपासून भात बंद, पाव बंद, बटाटा आणि साखर बंद. अंडी, मासे, दही, पालेभाज्या आणि मूठभर शेंगदाणे चालतात. पोट भरते गं, पण मन भरत नाही. भाताशिवायचे ताट म्हणजे दुकानाचे नाव न लिहिता नुसता पत्ता रंगवलेली पाटी. कामावर आता पायीच जातो, शिडी खांद्यावर टाकून. सकाळी खोलीत उठाबशा काढतो. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी परवा जिन्यात गाठून विचारले की एवढी शिक्षा कोणी केली आणि कशाबद्दल. मी म्हणालो, डॉक्टरांनी, खाल्ल्याबद्दल.

एक काळजी आहे. 'उठाबशा' हा शब्द मी बरोबर लिहिला ना? शाळा सातवीतच सुटली, पाट्या रंगवताना जे शिकलो तेवढेच. पण उठाबशांची पाटी अजून कोणी मागितलेली नाही.

वजन घटले तरी लोभ घटू नये, ही विनंती.

तुझा,
बारक्या


११ मार्च

चि. बारक्यास,
अ. आ.

पत्र पोचलं. उठाबशा बरोबर आहेत, बाकी सगळं चूक आहे.

तू धाकटा म्हणून तुला बारक्या म्हणायला लागलो, आणि तू होत गेलास दारात मावणार नाहीस एवढा. लोक हसायचे. मला मात्र ते हसणं गोड लागायचं. आई गेली तेव्हा तू नुसता हाडांचा सापळा होतास. शेजारणी तोंडावर म्हणायच्या की हे पोर काही अंग धरत नाही. त्यांच्या नाकावर टिच्चून तुला वाढवलं मी. तुझे सदरे दर वर्षी उसवून सैल केले आणि दर वेळी वाटायचं, जिंकले. शिवणाची एवढी कामं केली आयुष्यात, पण सगळ्यात सुरेख काम कोणतं विचारशील तर तुझं पोट. आणि आता तू ते माझ्यासाठी उतरवायला निघालास?

मी बरी आहे. बरी म्हणजे पिवळी आहे. डोळेसुद्धा पिवळे. तुझे भाऊजी म्हणतात, घरात दिवा लावायची गरज नाही. संध्याकाळी पाय सुजतात, मशीनवर फार वेळ बसवत नाही. पण हे माझं आहे, माझ्यापाशी राहू दे. धडधाकट माणसाला मेजावर झोपवून त्याचं पोट फाडायचं, आणि त्यातून मी उठून बसायचं, हे माझ्या मनात बसत नाही. उद्या तुला काही झालं तर मी कोणत्या तोंडाने जगू? तू विचारशील, मग ताई दुसरं काय करणार. ते मला विचारू नकोस.

सदरे ढगळ झाले असतील तर पाठव. हात थरथरतात, पण सरळ टीप अजून घालता येते. आजवर तुझं काही आत घ्यायची वेळ आली नव्हती.

लोभ आहे म्हणून रागावते. तो माझ्या रागासकट ठेवून घे.

तुझी,
ताई


१९ मार्च

चि. बारक्यास,
अ. आ.

मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणजे तू समजलाच असशील. काल इस्पितळात तुझ्या ताईला एकटीला आत बोलावलं. ज्याला अवयव घ्यायचा त्याचीही संमती लागते, म्हणे. मी बाहेर बाकावर. ती पाच मिनिटांत बाहेर आली आणि रिक्षात बसल्यावर म्हणाली की मी नको म्हणून सांगितलं.

मी रागावलो, हात जोडले, जेवलो नाही. ती म्हणाली, जेवा, तुम्हाला उपास झेपत नाही. एप्रिलच्या दहा तारखेपर्यंत विचार बदलायची मुभा आहे. नंतर त्यांचं काही चालणार नाही, आणि तिच्याकडे बघून मला वाटतं, आपलंही.

मी तुला सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस. तिला वाद घालून पटवायला जाऊ नकोस, वादात ती हरलेली मी एकदाही पाहिली नाही. तू तुझी चरबी तेवढी उतरव. बाकी मला काही सुचत नाही.

लोभ ठेव आणि हा कागद फाड.

तुझा,
भाऊजी


२ एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सदरे पाठवले आहेत. निळा आधी घे, तो अंगातून घसरतो.

मधे एक घोटाळा झाला. चरबी लवकर उतरावी म्हणून मी माझ्या मनानेच अंडी आणि मासेही सोडले. नुसती काकडी आणि पाणी. आहार सांगणाऱ्या बाईंना विचारलेसुद्धा नाही. मला वाटले, कमी खाणे चांगले तर काहीच न खाणे अधिक चांगले. मग एका कापड दुकानाची पाटी रंगवताना शिडीवर डोळ्यांपुढे अंधारी आली. पडलो नाही. हळूच उतरून फुटपाथवर बसलो आणि वर बघितले, तर 'स्वागत'च्या जागी 'स्वगत' लिहिले होते. ताई, आजवर माझ्या हातून एक काना सुटलेला नाही. दुकानदार म्हणाला, राहू दे, गिऱ्हाईक नसले की मी स्वतःशीच बोलत असतो. पण मी घरी येऊन रडलो.

आहारवाल्या बाईंनी चांगले फैलावर घेतले. म्हणाल्या, साखर आणि भात-पाव बंद करायला सांगितले होते, जेवण नव्हे. उपाशी राहिलास तर चरबीआधी अंगातली ताकद जाईल, आणि असला अशक्त दाता आम्ही मेजावर घेणार नाही. म्हणून पुन्हा नीट खातो. घशाखाली उतरत नाही तेव्हाही खातो. भरभर चालणे आणि उठाबशा चालू आहेत. समोरच्या बेकरीची पाटी आली होती, तीवर केक काढायचा होता. काढला. मालक म्हणाले, फार जीव ओतलास. मी म्हणालो, जीवच तेवढा ओतता येतो, तोंडात काही घालता येत नाही.

काल पुन्हा तपासणी झाली. चरबी त्यांनी आखलेल्या रेषेच्या खाली आली आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की माझ्याकडून तयारी झाली. 'माझ्याकडून' या शब्दावर त्या जरा थांबल्या.

तुला हसू यावे म्हणून एक सांगतो. तुझ्या दुखण्याचे मला पहिल्यांदा आत्याने सांगितले, ते आठवते का? ती फोनवर रडत म्हणाली, अरे, तुझ्या ताईचे काळीज निकामी होत चालले आहे, कोणीतरी आपले दिले तर वाचेल, तू देशील का? मी म्हणालो, देतो.

आता मला काय ठाऊक, काळीज म्हणजे लिव्हर! मला वाटत होते काळीज म्हणजे हृदय. काळीज धडधडते, काळजाचा ठोका चुकतो, हेच आयुष्यभर ऐकलेले. एकाचे काढून दुसऱ्याला लावल्यावर पहिल्याचे काय होते, हे आत्याला विचारायचे मनात आले होते. पण ती आधीच रडत होती. आणि उत्तर काहीही आले असते तरी माझे 'देतो' बदलणार नव्हते, मग उगाच कशाला विचारा. इस्पितळातून बोलावणे येईपर्यंत मी शाळेची अर्धवट पाटी पुरी केली. शिडी आणि कुंचले शेजारच्या रंगाऱ्याला लागतील का ते विचारून ठेवले. घरमालकीणबाईंना सांगितले की खोलीला दुसरा भाडेकरू बघायला हरकत नाही. त्यांना वाटले, लग्न ठरले.

मग डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढले. काळीज उजव्या बाजूला, बरगड्यांखाली. त्यातला तुकडाच लागतो, आणि उरलेले दोन्हीकडे पुन्हा वाढते. हे ऐकून मी एवढ्या मोठ्याने हसलो की बाहेरची नर्स आत आली. घरी येऊन शब्दकोश काढला. काळीज म्हणजे यकृत. स्वच्छ छापले आहे. लोकांच्या चुका काढत फिरणारा मी, आणि एवढ्या नेहमीच्या शब्दाला अडखळलो. भाऊजींना सांगू नकोस, ते जन्मभर चिडवतील.

तू विश्रांती घे, सदऱ्यांची घाई नाही. लोभ आहेच. तो परत करू नये, एवढेच मागणे.

तुझा,
बारक्या


७ एप्रिल

चि. बारक्यास,
अ. आ.

तुझ्या भाऊजींना सांगितलं. इतकं हसले की चष्मा काढावा लागला. मग तसेच उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

मला हसू आलं नाही रे. पत्र ठेवलं, पुन्हा घेतलं. मी नको म्हणून सांगून आले होते, हे तुला ठाऊकच असेल. आमच्या यांच्या पोटात जेवण तेवढं राहतं, गोष्ट राहत नाही. दोन आठवडे मी स्वतःला मोठी समजत होते. भावाला वाचवलं, असं म्हणत होते. आणि ज्याला वाचवलं तो तर त्याच्या कितीतरी आधीच तिकडे शिडी कोणाला द्यायची ते ठरवून बसला होता. एकदा विचारलंससुद्धा नाहीस. विचारलं असतंस तर आत्यानेच तुला वेडा म्हटलं असतं.

मी म्हणत होते, माझ्यासाठी तुझं काही जायला नको. पण तू देऊन मोकळा झालास तेव्हा मला ते कळलंही नव्हतं. आता मी नको म्हटलं तर तुझं वाचणार काय? मीच तेवढी जाईन, आणि तू ते 'देतो' घेऊन एकटा राहशील. ते कोणाला देशील मग? मला वाटत होतं, मी तुला मरणापासून लांब ठेवतेय. खरं तर तू द्यायला आलास आणि मी तुला दारातच उभं करून ठेवलं होतं.

काल जाऊन सही केली. अक्षर चांगलं आलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मनापासून ना? मी म्हटलं, मनापासूनच, मला नीट मागता येत नाही एवढंच. त्या म्हणाल्या, शिका.

निळा सदरा आत घेतला आहे. दोन्ही बाजूंना कापड मुद्दाम ठेवलंय, कापलं नाही. तू परत भात खायला लागलास की मला तो उसवायचा आहे, आणि त्यासाठी मला इथे असायला हवं, हे आता माझ्या ध्यानात आलं. तोवर बाई सांगतील तसं नेमाने जेव. काकडीवर राहिलास असं पुन्हा कळलं तर मीच शिडीवर चढेन.

आजवर तुला ताटावर बसवून 'घे, घे' एवढंच म्हणत आले. दुसरा शब्द तोंडात बसलेला नाही, म्हणून लिहून पाठवते. चूक असेल तर सुधारून घे.

दे.

तुझी,
ताई