दाराखालून आलेलं पत्र

दि. १२ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? घसा सांभाळ, मैदानावर ओरडत जाऊ नकोस. मी बरी आहे, फक्त मान अवघडली आहे.

हे पत्र टपालाने न येता दाराखालून आलं म्हणून भुवया चढवू नकोस. कारण शेवटी लिहिलंय, आणि शेवट आधी वाचायची तुझी खोड या वेळी जरा आवर.

तुझी अट लक्षात आहे. "त्या कार्टीचं नाव पत्रात दिसलं तर फाडून टाकीन." ती घरातून निघाली तेव्हा काय म्हणालीस तेही आठवतं. "मुकुट घेऊन आलीस तरच हे दार उघडेन." तर नाव येणार नाही. मी आपली कामाचं लिहिते.

जागतिक सौंदर्यस्पर्धेचा कपडेपट म्हणजे नुसता कल्ला. देशोदेशीच्या पोरी, आणि शिवायला आम्ही मोजून चौघी! "नटायचं, मुरडायचं, त्याला काय अक्कल लागते?" असं म्हणतेस ना? ये एकदा आणि बघ. सकाळपासून उंच टाचांवर उभ्या असतात बिचाऱ्या. हसून हसून गाल दुखतात, मग पडद्यामागे येऊन गाल चोळत बसतात. एक डॉक्टर आहे. एक कोळ्याची मुलगी आहे, तिने मला जाळ्याची गाठ शिकवली. एकीची भाषा दुसरीला कळत नाही, तरी एकमेकींच्या पाठीच्या चेनी लावतात, भांडतात आणि पुन्हा एकाच ताटात जेवतात. मला तर कौतुकच वाटतं बाई.

आमच्याकडे गाऊनची खालची दुमड बूट घालूनच मापतात. टाच जेवढी उंच, तेवढा गाऊन लांब. नंतर बूट बदलले की सगळी मेहनत पाण्यात.

शेवटच्या फेरीला सगळ्या रांगेत उभ्या होत्या आणि कोळ्याच्या मुलीची टाच काडकन मोडली. तिला रडूच कोसळलं. तिच्या मागे एक मुलगी होती. कुणाची ते विचारू नकोस. तिने आपलं पाऊल तिच्या पावलाशेजारी ठेवून माप दाखवलं, आणि पायातले बूट काढून सरळ तिच्यापुढे ठेवले.

मी ओरडलेच. "अगं बये, तुझा गाऊन चार बोटं लोळतोय! तोंडावर पडशील!"

"मावशी, तू आहेस ना?"

फाडू नकोस, ताई. इथे सगळ्याच मला मावशी म्हणतात.

मी फतकल मारली आणि लांब लांब टाके घालत सुटले. रांग पुढे सरकतेय, ती सरकतेय, आणि मी बसल्या बसल्या तिच्यामागे घसरतेय! मागच्या पोरींनी घेर उचलून धरला होता. एक बाजू राहिलीच, तेवढ्यात तिची पाळी आली.

ती अनवाणीच गेली. मान वर, खांदे मागे, नजर समोर. मला शाळेचं मैदान आठवलं, आणि शिट्टी वाजवून पोरांना चालायला शिकवणाऱ्या खेळाच्या बाई. अगदी तश्शी चालली गं! मध्येच राहिलेली बाजू पायात आली, ती अडखळली, सावरली, आणि मनापासून हसली. लोक उभे राहिले. मी तर तोंडात टाचण्या धरूनच रडत होते.

कोळ्याची मुलगी पहिल्या पाचांत गेली. ही नाही. अडखळल्याचे गुण कापले म्हणे! माझं डोकं फिरलं, पण टाळ्या सगळ्यात जोरात हीच वाजवत होती. नंतर मात्र टांगलेल्या गाऊनांच्या मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "मावशी, मुकुट नाही मिळाला. आता आईकडे कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी म्हटलं, "ज्या तोंडाने हसलीस ना, त्याच तोंडाने जा." आणि हे पत्र लिहायला बसले. आता तिच्याच हातात देतेय.

ताई, पत्र तिनेच सरकवलंय. बेल वाजवायचा तिला धीर होणार नाही, ती जिन्यात बसली असेल. तिच्या पायात रंगमंचावरचा खिळा रुतलाय, त्याला हळद नाहीतर काहीतरी लाव.

तू हे पत्र फाडलंस तर तिला ऐकू जाईल. कडी काढलीस तरी जाईल.

तुम्हा दोघींची,
धाकटी