शेजारच्या ओट्यावरचा बोलता डबा

प्रति,
मा. ग्रामपंचायत अधिकारी,
ग्रामपंचायत कार्यालय, मौजा हिरडाटोला,
ता. जि. गोंदिया.

अर्जदार : श्रीमती रुक्माबाई सेवकराम गणवीर, वय ५७, धंदा भाजीविक्री, ओटा क्र. १४
गैरअर्जदार : सौ. सुमित्राबाई देवचंद तुरकर, वय ५९, धंदा तोच, ओटा क्र. १५

विषय : ओटा क्र. १५ वरील बोलत्या डब्याचा बंदोबस्त करणेबाबत व ओटा क्र. १४ आहे तिथेच ठेवणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची ‘रोखविरहित ओळ’ या मथळ्याची नोटीस, दि. ३ नोव्हेंबर २०२५.

महोदय,

१. अर्जदार ही आपल्या गावच्या गुरुवारच्या आठवडी बाजारात ओटा क्रमांक चौदावर गेली सव्वीस वर्षे भाजी विकते. गैरअर्जदार ही शेजारच्या पंधरावर तितकीच वर्षे बसते. दोन्ही ओट्यांच्या मध्ये वीतभर जागा आहे आणि ती कोणाची, यावरून आजतागायत तंटा झालेला नाही. अर्जदारास लिहिता येत नसल्याने हा अर्ज खाली सही करणार शालीकराम बोरकर, सेवानिवृत्त नक्कलनवीस, यांनी तिच्या सांगण्यावरून लिहिला आहे. अर्जदाराची भाषा जिथे कार्यालयात चालण्यासारखी नव्हती, तिथे ती सौम्य केली आहे. सगळीकडे ते जमलेले नाही.

२. अर्जदाराची तक्रार समजण्यासाठी आधी बाजारातली जुनी पद्धत सांगणे भाग आहे. अर्जदार दर बुधवारी कामठ्याला जाऊन पिठाच्या गिरणीतून व दोन पानठेल्यांवरून सुटे पैसे गोळा करते व कंबरेच्या पिशवीत बांधून आणते. या ओळीतल्या वीस ओट्यांपैकी सुटे बाळगणारी ती एकटीच. त्यामुळे गिऱ्हाइकाने मोठी नोट काढली की जो तो अर्जदाराकडे वळत असे, आणि सर्वांत जास्त वळत असे ती गैरअर्जदार. “रुक्मे, चिल्लर दे,” ही हाक गुरुवारी तीस-चाळीस वेळा येत असे. गैरअर्जदारास हिशेब अजिबात येत नाही. किती घ्यायचे, किती परत द्यायचे, हे अर्जदार आपले वांगे तोलता तोलता शेजारून सांगत असे. अर्जदाराने या कामाचा मोबदला कधी मागितला नाही. उलट हाक आली नाही तर तिला चुकल्यासारखे होई.

३. गेल्या वर्षी दिवाळीनंतर गैरअर्जदाराची सून राखी हिने सासूच्या ओट्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकट असलेला एक कागद पुठ्ठ्यावर लावून उभा केला आणि शेजारी एक डबा ठेवला. गिऱ्हाईक त्या चौकटीसमोर फोन धरते आणि डबा हिंदीत ओरडतो, “चालीस रुपये प्राप्त हुए.” सुटे लागत नाहीत, हिशेब लागत नाही आणि शेजारीण तर मुळीच लागत नाही. त्या दिवसापासून चिल्लरची हाक बंद झाली. अर्जदार अजूनही बुधवारी कामठ्याला जाते. पिशवी तशीच भरलेली घरी परत नेते.

४. डबा केवळ बोलत असता तर अर्जदाराने सहन केले असते. परंतु गैरअर्जदार त्याला उत्तर देते. डबा बोलला की ती “हव बाई” (हो बाई) म्हणते, कारण आवाज बाईचा आहे. ती त्याला पदराने पुसते. ऊन चढले की त्याच्यावर ओले फडके टाकते. भादव्यात अचानक सर आली तेव्हा तिने स्वतःचे भेदरे (टमाटे) भिजू दिले व डबा पोटाशी धरून बसली. शेजारी अर्जदाराच्या पालाची दोरी तुटून पाल अंगावर पडले होते, त्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. अर्जदार मागे तापाने पंधरा दिवस अंथरुणावर होती, तेव्हा तिची एवढी काळजी कोणी केली नव्हती. (अर्जलेखकाने खोदून विचारल्यावर अर्जदाराने कबूल केले की त्या पंधरा दिवसांत गैरअर्जदार पेज घेऊन तीनदा आली होती. हे वाक्य खोडावे असा तिचा आग्रह होता. अर्ज खरा असावा म्हणून ते ठेवले आहे.)

५. गिऱ्हाइकांचे तर विचारूच नये. श्री. उदाराम गुरुजी हे अर्जदाराचे पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. त्यांची कोचई (अळकुड्या) अर्जदार स्वतः निवडून वेगळी ठेवत असे. आता ते अर्जदाराच्या डोळ्यांसमोरून पंधरावर जातात आणि वर म्हणतात, “बाई, खिशात पैसेच नाही राहत आता, का करू?” ते गैरअर्जदाराची कोचई घेतात. ती कोचई खाजरी आहे. हे अर्जदार वैरापोटी सांगत नाही, सगळ्या बाजाराला माहीत आहे. तरी गुरुजी फोन धरतात, डबा ओरडतो, गैरअर्जदार “हव बाई” म्हणते आणि अर्जदार हातातले वांगे तोलायचे सोडून तिकडे बघत राहते. मत्सर असा शब्द अर्जलेखकाने सुचवला होता. अर्जदार म्हणाली, “तसा मोठा शब्द कायले लिहिता? मी जळून राहिली, तेच लिवा.” तसे लिहिले आहे.

६. अशात संदर्भीय नोटीस आली. रस्त्यालगतचे, पाल बांधायला खांब असलेले ओटे क्रमांक एक ते वीस ही रोखविरहित ओळ ठरली. ज्यांच्याकडे चौकट नाही त्यांनी एक जानेवारीपासून बोडीच्या पाळीवर (तळ्याच्या बांधावर) बसावे, असा आदेश झाला. पाळीवर सावली नाही आणि गिऱ्हाईक तिथवर येत नाही, हे आपण जाणताच. पण अर्जदाराला सावलीची चिंता नव्हती. तिला एवढेच कळले की पंधरा इथे राहणार आणि चौदा तिकडे जाणार.

७. यानंतर अर्जदाराकडून जे घडले ते ती मोकळेपणाने मांडते. अर्जदाराकडे फोन नाही व घेण्याची ऐपत नाही. परंतु तिने बाजारातल्या सगळ्या चौकटी निरखून पाहिल्या होत्या आणि सर्व तिला सारख्याच दिसल्या. तिची समजूत अशी झाली की हे परवानगीचे चित्र आहे. रेशन दुकानावर पाटी असते तसे. म्हणून एका गुरुवारी गैरअर्जदार पाणी प्यायला हापशीवर गेली असता अर्जदाराने ओट्यावरचा कागद उचलला, रस्त्यापलीकडच्या दुकानात झेरॉक्स काढली, वरून प्लास्टिक चढवून घेतले आणि मूळ कागद होता तिथे ठेवून दिला. झेरॉक्स स्वतःच्या ओट्यावर चिकटवली. त्या दिवशी ती छाती पुढे काढून बसली होती, असे पाहणारे सांगतात.

८. गिऱ्हाईक परत आले. उदाराम गुरुजीही आले, कोचई घेतली, फोन धरला. डबा ओरडला. पण तो पंधरावरचा ओरडला. अर्जदाराने वांगे विकले, पंधरावरचा डबा ओरडला. सांभार (कोथिंबीर) विकला, पोपटाच्या (वालाच्या) शेंगा विकल्या, प्रत्येक वेळी तोच. माल अर्जदाराचा, तोल अर्जदाराचा आणि “हव बाई” म्हणणार गैरअर्जदार! तीन गुरुवार हा प्रकार चालला. संध्याकाळी अर्जदाराची टोपली रिकामी आणि हातही रिकामे. अर्जदाराने फोनवाल्या गिऱ्हाइकांना विचारले तर ते म्हणत, “पैसे गेले न बाई, आवाज नाही ऐकली का?” ऐकली तर होतीच. डबा पक्षपाती असून त्याने अर्जदाराचे सर्व काही गैरअर्जदाराच्या पदरात टाकायचे ठरवले आहे, अशी तिची खात्री झाली. या डब्यास जप्त करून, निदान एक गुरुवार तरी, पंचायतीच्या कोठडीत ठेवावे, अशी अर्जदाराची मागणी होती. पंचायतीस कोठडी नसते हे अर्जलेखकाने तिला समजावून सांगितले. त्यावर ती म्हणाली, “मंग कपाटात ठेवा.”

९. दि. ४ डिसेंबर रोजी आपल्या कार्यालयाचे लिपिक श्री. ओमेश हे ओट्यांची तपासणी करीत आले. त्यांनी प्रत्येक चौकटीवर एक-एक रुपया पाठवून पाहिला. चौदावर पाठवलेला रुपया पंधरावर ओरडला. अर्जदाराची लबाडी अशी सगळ्या ओळीसमोर उघडी पडली. लिपिकांनी वहीत चौदाच्या पुढे फुली मारली व एक जानेवारीला पाळीवर जाण्यास बजावले. अर्जदार टोपली आवरू लागली. बोलली ती गैरअर्जदार. ती ओट्यावरून उठली व म्हणाली, “चौदा-पंधरा एकच दुकान हाय, साहेब. आमचं दोघीचं. एक चौकट, एक डबा. फुली खोडा तुमची.” लिपिकांनी सांगितले की असा नियम नाही, दोघींच्या पावत्या वेगळ्या आहेत. गैरअर्जदार म्हणाली, “नियम नसंल तं लिवून घ्या.”

१०. लिपिक गेल्यावर गैरअर्जदाराने बारदान्याखालून एक रुमाल काढला. त्यात अर्जदाराचे तीन गुरुवारचे पैसे बांधलेले होते. सुनेने फोनात पाहून ते वेगळे काढून दिले होते. अर्जदाराने विचारले, “तुले कवा समजलं?” ती म्हणाली, “पयल्याच दिवशी. माया समोर गिराईक नाही आन डबा बोलून राहिला.” “मंग सांगतली काऊन नाही?” “सांगतली असती तं तू थो कागद फाडून फेकली असती. आन तुले पाळीवर धाडलं असतं. मंग मी कोनासंगं बसू वो? या डब्यासंगं?”

११. महोदय, याने अर्जदाराचे समाधान व्हावे असे कोणालाही वाटेल. झाले उलट. अर्जदारास त्या दिवसापासून झोप नाही. सव्वीस वर्षे गैरअर्जदाराला सांभाळले ते अर्जदाराने, असे ती समजत होती. आता उठून उभे राहण्याचे कामही गैरअर्जदारानेच केले. डबा तिचा, गिऱ्हाईक तिचे आणि मोठेपणही तिचेच. अर्जदाराजवळ तिला देण्यासारखे काय उरले? हा प्रश्न अर्जदाराने अर्जलेखकाला विचारला. अर्जलेखक तो प्रश्न योग्य कार्यवाहीसाठी आपल्याकडे पाठवीत आहे.

१२. सबब अर्जदाराची विनंती खालीलप्रमाणे आहे. गैरअर्जदाराने सांगितल्याप्रमाणे चौदा व पंधरा हे एकच दुकान धरावे. अर्जदाराला उपकार नको आहेत, म्हणून दुकानाच्या नोंदीत अर्जदाराचे नाव आधी लिहावे. डबा ओट्यांच्या मधल्या वीतभर जागेत ठेवावा. “हव बाई” म्हणण्याचा हक्क एक आड एक वेळ अर्जदारास मिळावा.

हे काहीच नियमात बसत नसेल तर अर्जदार मुकाट्याने पाळीवर जाईल, उन्हात बसेल, पुन्हा अर्ज करणार नाही. परंतु तसे झाल्यास ओटा क्रमांक चौदा रिकामा ठेवावा. भाडे अर्जदार भरत राहील. तिथे दुसऱ्या कोणत्याही बाईला, चौकटवाली असो की बिनचौकटीची, सुमित्राजवळ बसवू नये.

आपल्या शेऱ्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,

(अंगठा) रुक्माबाई सेवकराम गणवीर
ओटा क्र. १४, आठवडी बाजार, हिरडाटोला
दिनांक : १२ डिसेंबर २०२५

लिहिणार : शालीकराम बोरकर

सोबत :
१) संदर्भीय नोटिशीची प्रत.
२) ओटा क्र. १४ ची चालू महिन्याची बाजार पावती.
३) पुढील बारा महिन्यांचे ओट्याचे आगाऊ भाडे, सर्व सुटे, कापडी पिशवीत. कृपया मोजून घ्यावे.