दार उघडल्याची साक्ष

प्रिय फोतिनी,

तुझं आमंत्रण पोचलं. सतरावं लागलं, म्हणजे आता तुला खालच्या घराची स्वतःची किल्ली मिळणार, आणि साक्ष द्यायला वरच्या माणसांतून तुला मीच हवी आहे. ‘लहानपणची मैत्रीण’ असं लिहिलंयस. वाचून आईला हसू आलं. मला नाही आलं.

आई म्हणते, “मिलेना, डोकं चालव. ‘हिने उन्हात कुणाला दाराबाहेर ठेवलं नाही’ एवढंच म्हणायचंय. तुझं काय जातंय? खाली कायमचं काम मिळेल!” तिचंही बरोबर आहे. ओपलच्या रत्नांच्या खाणी रिकाम्या झाल्यावर तुमच्या पणजोबांनी त्या थंडगार बोगद्यांत घरं थाटली आणि आम्हाला वर पत्र्याखाली ठेवलं. उन्हात दार वाजलं की उघडायचं, हा खाणीतल्या लोकांचा जुना नियम आता फक्त किल्लीच्या दिवशी म्हणून दाखवतात. साक्षीदार ‘नाही’ म्हणाला तर किल्ली मिळत नाही, मुलीला वर राहायला यावं लागतं, हेही त्याच नियमात आहे. आजवर कुणी म्हटलं नाही, इतकंच.

मी तुमच्याकडे कामाला आले तेव्हा आपण दोघी एकाच उंचीच्या होतो. तू मला क्वान्डाँगच्या आंबट लाल फळांचा मुरंबा चोरून द्यायचीस, तुझे झगे घालून बघायला लावायचीस. तुझी आई ओरडायची, “अगं, डोक्यावर बसवू नकोस तिला, सगळी धूळ सांडेल!” तू मला डोळा मारायचीस. मला वाटायचं, ही माझीच. इतकी खुळी होते मी.

गेल्या वर्षी तुझ्या वाढदिवसाला माझे बाबा वर तुमच्या हवेच्या नळीची जाळी बदलत होते. मी आत केक वाढत होते. दार वाजलं. तू उठलीस, दाराच्या भोकातून पाहिलंस आणि परत येऊन म्हणालीस, “कुणी नाही गं, वारा आहे.” पुन्हा वाजलं, अगदी हळू. मी बघू का विचारलं, तर म्हणालीस, “तू केककडे बघ.” तुझ्या शब्दावर माझा विश्वास होता. संध्याकाळी घरी निघाले तर बाबा पायरीवर पडलेले, एक हात दाराला टेकलेला. अंग उन्हाने तापलेलं, पण श्वास कधीच थांबलेला.

तू खूप रडलीस. मला एकटीला गाठून म्हणालीस, “पाहुण्यांसमोर इतका घामेजलेला माणूस कसा आत घेणार? मला वाटलं, थांबतील ते.” आणि मी, गाढव, तुझेच डोळे पुसले.

आता बाबांचं काम मी करते. माझे हात बघशील तर ओळखणार नाहीस. नळीपाशी उभं राहिलं की तुमचं हसणं वर ऐकू येतं. आत एक पोतं कोंबलं की झालं, हे मनात आलं नाही असं नाही. पण तिथे तुझा धाकटा भाऊही झोपतो, आणि त्याने माझं काही बिघडवलेलं नाही. मला फक्त तू हवी आहेस.

म्हणून मी येतेय. झगा पाठवू नकोस, बाबांचा शर्ट घालून येईन आणि सगळ्यांसमोर खरं ते सांगेन. मग मला खाली कुणी उभं करणार नाही, आईही अबोला धरेल. चालेल मला. तुला आधीच का कळवतेय? तिथेच ऐकलं असतंस तर घटकाभरात आटोपलं असतं. दिलेलं साक्षीदाराचं नाव बदलता येत नाही. बदलायचं म्हटलंस तर का ते सांगावं लागेल, आणि ते तू घरात कुणालाही सांगू शकणार नाहीस. तुझी आई तुझा झगा शिवत बसेल, मावश्या केक ठरवतील, आणि तू त्यांच्यासमोर हसत राहशील. दाराआड तू आहेस, उघडशील, म्हणून बाबा वाट बघत राहिले. आता तू बघ.

तुझीच,
मिलेना