माझेच अकरा तास

७ फेब्रुवारी २०२१, रविवार

आठ महिने ही वही उघडली नाही, माफ कर. दिवसभर स्क्रीनसमोर शिकवायचं, मग त्याच स्क्रीनवर वह्या तपासायच्या – पेन धरायचं विसरलेच होते.

आज रुपालीचा फोन आला. माझ्या वर्गातली, निघोजे गावची मुलगी. डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आली, तीही जानेवारी सरता सरता. म्हणजे चार महिन्यांचा अभ्यास सात आठवड्यांत! शिवाय कंपनीत फर्स्ट शिफ्ट. "मॅडम, सहाच्या सहा विषयांचं सबमिशन दर शनिवारी, एकदमच. मला न्हाई जमायचं. टर्म सोडते."

मी म्हणाले, "वेळेचं नियोजन कर."

फोन ठेवला आणि लाज वाटली. किती वेळ लागतो हे मला तरी कुठे माहीत आहे? पुन्हा फोन केला. वीस तारखेपर्यंत थांब म्हटलं. थांबते म्हणाली.

८ फेब्रुवारी

वर्गप्रतिनिधी क्षितिजकडून सहाही विषयांचं या आठवड्याचं काम मागवलं. सगळं स्वतः करणार, घड्याळ लावून. नवरा, हरिहर, म्हणतो, "चव्वेचाळिसाव्या वर्षी सेकंड इयर? फी मी भरणार नाही हं!"

१० फेब्रुवारी

मशीन ड्रॉइंगची शीट. हॉलमध्ये जमिनीवर पसरून बसले. सहा तास! जेवायला जाताना लेक ऋता वाकून बघून गेली – "आई, बॉर्डरच तिरकी आलीय." खोडली, पुन्हा काढली. इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती. पण मला आज दुसरं काहीच काम नव्हतं. रुपालीला असतं.

१२ फेब्रुवारी

बोटाला घट्टा पडला. जरा अभिमान वाटतोय, तो बरा नव्हे.

१४ फेब्रुवारी, रविवार

बेरीज झाली. चौतीस तास. लेक्चर वेगळी.

आता खरं ते लिहायला हवं. इतर पाच विषयांचे मिळून तेवीस आणि माझ्या एकट्या गणिताचे अकरा! प्रश्न हातानं उतरवा, आधी कच्चं सोडवा, मग शुद्ध प्रत – हे सगळे माझेच नियम. का केले? माझ्या सरांनी माझ्याकडून करून घेतलं म्हणून. दुसरं कारण आठवत नाही. आणि मी निघाले होते बाकीच्या पाच जणांना जाब विचारायला.

१६ फेब्रुवारी

कॉलेजात विभागाची मीटिंग. सुरुवात स्वतःपासून केली. विभागप्रमुख निरंजन सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही हळू लिहीत असाल."

"सर, प्रश्न मीच काढलेत. उत्तरं मला पाठ आहेत."

मग ड्रॉइंगच्या विजयश्री मॅडम हसत सुटल्या – "माझी शीट केलीत? आणा इकडे, तपासते!" तपासली की! दहापैकी चार. त्या हसण्यानंच सगळे सैल झाले. ठरलं – एका शनिवारी दोनच विषय. डिप्लोमावाल्यांना मागच्या सबमिशनला तेरा मार्चपर्यंत मुदत. गणितात प्रश्न उतरवणं बंद, शुद्ध प्रतही बंद.

चार मार्क मात्र कमीच दिले हं!

१७ फेब्रुवारी

वर्गात सांगितलं. आधी क्षितिजचा माईक उघडला – "मॅडम, रेकॉर्डिंग चालू आहे ना? उद्या नाही म्हणायचं नाही!" मग एकदम चाळीस माईक. कुणाच्या घरचा कुकर, कुणाचा कुत्रा, शिट्ट्या, टाळ्या. कुणालाच गप्प केलं नाही. या मुलांचा आवाज असा असतो तर!

रुपाली लेक्चरला नव्हती. शिफ्ट. तिला निरोप पाठवला. उत्तर नाही.

१९ फेब्रुवारी

अजून उत्तर नाही. फोन करावा? नको. तिला माझी भीड पडेल, मग हो म्हणेल.

२० फेब्रुवारी, शनिवार

चार वाजता फोन. कंपनीच्या बसमधून, नुसता गलका. "मॅडम, सोडत न्हाई टर्म! दोन दिवस कागदावर तास मांडून बघितले. बसतंय." मी काही म्हणणार तेवढ्यात, "थांबा, आमच्या लाईनवरच्या तिघी हायेत हितं. डिप्लोमा झालाय त्यांचा, घरची पुढं शिकू देईनात. त्यांनीबी तोच कागद बघितला. विचारतायत, आमाला घेतील का कालिजात?"

उद्या: थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशाला काय काय कागद लागतात ते काढून तिघींना पाठवणे.