कावून

बाई, तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, तरी आज पहिल्यांदा तुम्हालाच सांगावंसं वाटलं. तुम्ही शिकवायच्या त्याच बीडच्या कॉलेजात आता मी शिकवतो, आणि माझ्या वर्गातली पाटोद्याकडची मुलगी आज एम.एस्सी.साठी विद्यापीठात गेली. ऊर भरून आलाय.

पहिल्या वर्षी तिनं भर वर्गात विचारलं होतं, "सर, माठातलं पाणी गार कावून होतं?" मागचे बाक खो खो हसले आणि ती यायचीच बंद झाली. मला उमापूरहून आलेला मी आठवलो. 'का'ऐवजी आमच्याकडे म्हणतात त्या याच 'कावून'वर तुमचा वर्ग मला हसला होता. संध्याकाळी वळकटी बांधून मी गावाकडे निघालो, तर तुम्ही वाटेत गाठून घरी नेलंत. तुम्ही पुण्याच्या, बोलणं घासूनपुसून लख्ख. स्टोव्हवर पोहे परतता परतता म्हणालात, "जायचं तर जा, पण आधी तो शब्द मला शिकव." मी सांगतोय, "बाई, 'का हून' न्हाई, सलग म्हणायचं," आणि तुम्ही पुन्हा पुन्हा चुकताय. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात विचारलंत, "लोखंड गंजतं का हून?" अख्खा वर्ग तुम्हाला हसला. माझ्या वाट्याचं हसू तुम्ही अंगावर घेतलंत, आणि मी वळकटी सोडली.

म्हणून त्या मुलीला शोधत मी मांजरसुंब्याला गेलो. ती मामाच्या ढाब्यावर भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मी न्हाई येणार सर. तोंड उघडलं की पोरं हसत्यात." मामा म्हणाला, "लई हुशार हाय, पण मनाला लावून घेती." मी म्हणालो, एक तास बसून बघ, नाही पटलं तर मीच आणून सोडतो. ती आली, दाराजवळ बसली. मी विचारलं, "आभाळ निळं कावून दिसतं?" सरांच्या तोंडी हा शब्द! हशा पिकला, आणि बाई, तीही हसत होती. हसता हसताच तिनं हात वर केला.

हे पत्र खणातच राहील. एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. त्या सकाळी, तासाला जायच्या आधी, मी तो शब्द आरशासमोर म्हणून बघितला होता. उमापूरचा मी, पण पहिल्यांदा तोंडातून 'का हून'च निघालं, अगदी तुमच्यासारखं.