सहाशे चौदा कार्डांची वाटणी

न्यू जर्सी विधानसभेचा सदस्य एवाल्दो सिकेरा यंदा निवडणुकीला उभा राहणार नाही आणि त्याच्या जागेसाठी माझा मुलगा देवांग उभा राहणार आहे. हे मंगळवारी, १८ फेब्रुवारीला, खुद्द देवांगने मला फोनवर सांगितलं. माझा यकृताचा कर्करोग आता पोटात सगळीकडे पसरला आहे, हे त्याच्या चार दिवस आधी डॉक्टरांनी सांगितलं होतं. दोन्ही बातम्या पक्क्या आहेत, म्हणून हे आजच लिहून ठेवतो.

मी, पुरुषोत्तम गजानन नाफडे, वय ७३, मूळचा अकोल्याचा, सध्या राहणार पार्सिपनी, पूर्ण शुद्धीत आहे. कुणाच्या धाकाने लिहीत नाही. पूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत. व्यवस्थापक म्हणून माझे वकील अनिल हर्डीकर यांना नेमतो.

कलम १. माझे सगळे सूट दान द्यावेत. एवाल्दोचा मदतनीस म्हणून सभांमध्ये त्याच्या मागे उभं राहण्यासाठी ते घेतले होते. दुसरीकडे कुठे मी ते घातले नाहीत.

कलम २. गाडी नात आन्या हिला. तिच्या वडिलांना तीत बसवायचं की नाही ते तिने ठरवावं.

कलम ३. तळघरातल्या चार खोक्यांत सहाशे चौदा कार्डं आहेत. त्यांच्याविषयी थोडं सांगावं लागेल. एवाल्दो १९८८ साली ब्राझीलमधल्या गव्हर्नादोर व्हालादारेस गावाहून न्यूआर्कला आला आणि फरशा बसवू लागला. पुढे स्वतःची कंपनी, मग नगर परिषद, मग २००३ साली विधानसभा. तेव्हापासून अकरा निवडणुका तो जिंकला. आपल्या लोकांत त्याचं नाव झालं ते एका गोष्टीसाठी: त्याला प्रत्येक घर लक्षात असतं. कुणाची सासू आजारी, कुणाचा मुलगा डॉक्टर झाला, कुणाचं बाळ गेलं.

त्याच्या लक्षात काहीच नसायचं. बारशाला, हळदीकुंकवाला, तेराव्याला मी जात असे. बायका मला काका म्हणून मनातलं सांगत आणि मी घरी येऊन ते कार्डावर उतरवून एवाल्दोला देत असे. काका विचारतात म्हणजे मायेने विचारतात, असं त्या समजल्या. ही फसवणूक मी केली, त्याने नाही.

कार्ड वापरून झालं की एवाल्दो समासात पोर्तुगीजमध्ये शेरा लिही. मला ती भाषा येते हे त्याला माहीत नव्हतं. लायब्ररीतल्या सीडी गाडीत ऐकून मी ती शिकलो होतो. सीमाताईंच्या वारलेल्या नवऱ्याच्या कार्डावर शेरा आहे: "रडते फार. पुढच्या वेळी फुलं पाठवा, मला नेऊ नका." गणपती मंडळाच्या अध्यक्षांच्या: "वास येतो. हात मिळवून लगेच निघायचं." प्रत्येक शेऱ्याचं मराठी भाषांतर मी खाली चिकटवलं आहे. प्रत्येक कार्ड ज्या घराचं, त्या घरी टपालाने जावं.

आमची भाडेकरू सावनी, विद्यापीठात शिकते, ती लिफाफ्यांवर पत्ते घालत होती. म्हणाली, "काका, हे वाचून लोकांना किती लागेल. त्यांनी काय केलंय?"

मी म्हटलं, "मत दिलंय."

"तुम्हीच द्यायला सांगितलंत ना?"

"म्हणून माझी सही आहे प्रत्येक भाषांतराखाली."

तिने उरलेले पत्ते पूर्ण केले.

कलम ४. एक कार्ड माझ्या घरचं आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये माझी पत्नी प्रतिमा गेली. मतदानाला तीन आठवडे होते. कुणीही गेलं की कार्ड करायचं हा नियम, म्हणून तिचंही मीच केलं. एवाल्दो स्मशानात त्यावरून बोलला: प्रतिमाच्या हातची भाकरी मी विसरणार नाही. त्याने ती कधी खाल्ली नव्हती. ते वाक्य माझं होतं.

पाच वर्षांपूर्वी खोकी आवरताना मी ते कार्ड उलटून पाहिलं. एवाल्दोचा शेरा: "दोन दिवस सुट्टी पुरे. मतदानापर्यंत पुरूला सोडू नका." त्याखाली देवांगचं अक्षर, इंग्रजीत: "ओके. बाबांना मी सांभाळतो." तो तेव्हा एवाल्दोच्याच कचेरीत कामाला होता, पोर्तुगीज तिथेच शिकलेला. तिसऱ्या दिवशी मुलगा मला म्हणाला होता, "बाबा, काम केलं की बरं वाटेल." मी गेलो. दहाव्या दिवशी मी वृद्धाश्रमात पत्रकं वाटत होतो. तिचे विधी झाले नाहीत.

विधानसभेची ही जागा आपल्यानंतर मला, असं एवाल्दोने २००९ मध्ये कबूल केलं होतं. मंगळवारी मी देवांगला तेवढंच म्हटलं.

तो हसला. "बाबा, कम ऑन. तुम्ही स्टेजवर कधी बोललात? तुम्ही कार्डवाले. आणि सीट घरातच राहिली ना यार, बी हॅपी."

कलम ५. राहतं घर देवांगला, एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या आत त्याने सर्व लिफाफे स्वतःच्या हाताने टपालात टाकावेत. वकील सोबत उभे राहतील आणि मोजतील. त्याने नकार दिला तर घर विकून पैसे आन्याच्या शिक्षणाला द्यावेत, आणि लिफाफे अकराव्या दिवशी वकिलांनी टाकावेत. म्हणजे कार्डं जाणारच आहेत. देवांगने फक्त घर हवं की हात स्वच्छ हवेत, एवढं ठरवायचं आहे.

कलम ६. एवाल्दोला काही नाही.

डॉक्टरांच्या अंदाजाने मी एप्रिलअखेरपर्यंत आहे. मी गेल्यावर देवांग कोर्टात जाईन म्हणेल, औषधांमुळे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं असं सांगेल. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मग तो लिफाफे टाकेल, कारण घराचा भाव त्याने गेल्या महिन्यातच एजंटकडे काढून घेतला आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत कार्डं घरोघरी पोचतील. उमेदवार ठरवणारं पक्षांतर्गत मतदान १० जूनला आहे. तोवर देवांगला रोज दारोदार जावं लागेल, आणि प्रत्येक दार उघडणाऱ्याने आपलं कार्ड वाचलेलं असेल.

वरील मजकूर मी वाचून, समजून खाली सही केली.
पुरुषोत्तम गजानन नाफडे

आमच्या दोघांच्या समोर त्यांनी सही केली. ते शुद्धीत होते आणि शांत होते.
साक्षीदार १: सावनी रमेश खेडेकर
साक्षीदार २: सत्यजित मोहन बापट, शेजारी

पार्सिपनी, न्यू जर्सी
२० फेब्रुवारी २०२५