हिवाळा लिहिणारी मुलं

कोल्हापूर, १ फेब्रुवारी २०२५

ती. आक्कास,
दानूचा सा. न. वि. वि.

फोनवर तू माझं बोलणं हसण्यावारी नेतेस, म्हणून लिहिते. आमच्या कंपनीने चौथीच्या परीक्षेचा निकाल लावला. गुऱ्हाळं कोणत्या ऋतूत सुरू असतात, असा एक प्रश्न होता. बाहेरगावी केलेल्या उत्तरसूचीत उन्हाळा होता. आपल्याकडच्या मुलांनी हिवाळा लिहिलं आणि त्यांचे गुण गेले. मी निकालाआधीच आमच्या साहेबांना, महांतेश सरांना सांगितलं होतं. आता काही थांबवता येणार नाही, म्हणाले. मीही गप्प बसले.

पालकांनी तक्रार केली. शुक्रवारी चौकशी आहे. चूक निकालानंतर कळली असेल, तर नुसती समज. आधी कळूनही लपवली असेल, तर कायद्याने मोठा दंड आणि परीक्षा घ्यायला बंदी. नंतरच कळली असं सांग, असं सर म्हणतात. बंदी आली तर सगळ्यांच्याच नोकऱ्या जातील, माझ्यासोबत डबा खाणाऱ्या पूर्णिमाचीसुद्धा.

काल स्वप्नात वर्गभर धुकं होतं. बाकांना काकवीचा वास. मुलं पाटीवर हिवाळा लिहीत होती आणि अक्षरं विरघळत होती. काय करू?

लोभ आहेच, जरा धीरही दे.
तुझी दानू

जयसिंगपूर, ४ फेब्रुवारी

चि. दानूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना दूध उतू गेलं, ते तुझ्या नावावर. तुझे भावजी म्हणाले, नोकरी सांभाळ म्हणावं. मी म्हटलं, तुम्ही गप बसा की.

शाळेत जायच्या आधी तुला मी घरी शिकवायचे. चुकेल त्यानं उंबऱ्यापाशी उभं राहायचं, हा आपला नियम. एकदा मीच घातलेलं गणित चुकलं, म्हणून मीच उभी राहिले. बस म्हणून तू रडलीस. बरोबर झाल्याबिगर बसायचं न्हाय, असं मी म्हटलं. मग नाक पुसत तू ते दुरुस्त केलंस आणि मला बसवलंस.

कंपनी काय तुझ्या आक्कापेक्षा मोठी हाय व्हय?

जेवत जा.
तुझी आक्का

कोल्हापूर, ७ फेब्रुवारी

ती. आक्कास सा. न. वि. वि.

चूक निकालाआधी कळली होती, असं मी चौकशीत सांगितलं. आणि नंतर मीही गप्प होते, हेही. अधिकारीबाईंनी दोनदा खुर्ची दाखवली, पण पाय वाकेनात. सर खिडकीबाहेर बघत होते. पूर्णिमा आज दुसरीकडे जेवली.

येताना रंकाळ्यावर धुकं उतरलं होतं. कुठून कोण जाणे, ताज्या गुळाचा वास आला. खूप वेळ कठड्यापाशी उभीच होते.

रागावू नकोस माझ्यावर.
दानू

जयसिंगपूर, २० मार्च

चि. दानूस अनेक आशीर्वाद.

तुमच्या कंपनीला दंड झाला, बंदीही आली, हे पेपरात वाचलं. पूर्णिमा अजून बोलत न्हाय म्हणतेस. तिचं घर चालायचंय, तिला राग येणारच. सोस.

काल निकाल पुन्हा लागला. शेजारच्या आकारामतात्यांची चौथीतली नात राजनंदिनी घरोघर गूळ वाटत आली. हिवाळाच बरोबर होता, असं मला चारदा ऐकवलं. हे कुणामुळे झालं ते तिला ठाऊक न्हाय. मीही सांगितलं न्हाय. तुझ्या वाटणीचा खडा डब्यात ठेवलाय.

रविवारची एस.टी. धर. उंबरा ओलांडून आत ये, दानू, आणि आता बस.

वाट बघणारी,
आक्का